हॅपी बर्थडे जोशी ते निगडीचे २७ सर्व्हर

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

"आपल्याकडे काय आहे चोरायला?" हे वाक्य मी भोसरीच्या शेडमध्ये ऐकलंय, चाकणच्या ऑफिसात ऐकलंय, घरात तर कायमच ऐकतो. अँटिव्हायरसचं रिन्यूअल आलं, वायफायचा पासवर्ड बदलू म्हटलं, टॅलीचा बॅकअप दुसरीकडे ठेवू म्हटलं, की हे वाक्य हजर. म्हणून आज आपल्या भागातली गेल्या पस्तीस वर्षांची गोष्ट सांगतो. या वाक्याचं काय होतं ते तुम्हीच ठरवा.

सुरुवात एका जोशींपासून. १९९० च्या जूनमध्ये भारतात एक व्हायरस सापडला. नाव 'जोशी'. इंटरनेट नव्हतंच, तो फ्लॉपीवरून पसरायचा. एका मशीनमधली फ्लॉपी दुसऱ्यात घातली की झालं. वर्षभर गप्प बसायचा आणि ५ जानेवारीला स्क्रीनवर यायचा: 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा! तेवढं टाइप करेपर्यंत कॉम्प्युटर अडकून बसायचा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून पुन्हा चालू केला तरी मेमरीतून हटायचा नाही. हे जोशी कोण, ते आजवर कळलेलं नाही. पण एक गोष्ट बघा. फ्लॉपी कुणाची, त्यात पगारपत्रक आहे की पोराचा गेम, याच्याशी त्या व्हायरसला काही घेणंदेणं नव्हतं. तो माणूस बघून आत शिरत नव्हता, उघडं दार बघून शिरत होता.

याच काळात पुण्यात कैलास काटकर दुरुस्तीची कामं करत होते. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं रहिमतपूर. आधी कॅल्क्युलेटर, मग कॉम्प्युटर. दुरुस्तीला येणाऱ्या मशीन व्हायरसनं भरलेल्या असायच्या. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहायला घेतले. त्यातूनच १९९५ मध्ये 'क्विक हील' बाजारात आलं. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेला धंदा आहे हा. आपल्या एमआयडीसीतल्या कुठल्याही फिटरला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

१९९५ मध्येच १५ ऑगस्टला व्हीएसएनएलनं देशात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. मग मोडेमची ती कर्कश शिट्टी आली, सायबर कॅफे आले, आणि २००० मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदाही आला.

कायदा आला तरी चोरीला कॉम्प्युटर फोडावाच लागतो असं थोडंच आहे? २००५ मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरमधल्या काही पोरांनी सिटी बँकेच्या चार अमेरिकन ग्राहकांना गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम पुण्यातल्या खात्यांत वळवली. एकही कोड लिहिला नाही. ग्राहकांनी पिन विश्वासानं सांगितला होता. आज आपल्याला "ओटीपी सांगा" म्हणून फोन येतात ना, त्याच घराण्यातली ही जुनी गोष्ट. फरक एवढाच, की तेव्हा फोन पुण्यातून जात होता आणि आता पुण्यात येतो.

आता २०१७. चाकण पट्ट्यातल्या लोकांनी हे नीट वाचा. २७ जूनला युक्रेनमध्ये हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' पसरला. आपल्याकडे टॅली, तसं तिकडचं ते सॉफ्टवेअर. रोख युक्रेनवर होता, पण त्या आगीत मर्स्क ही जहाज कंपनी होरपळली आणि तिच्या ताब्यातलं आपल्या जेएनपीटीचं एक टर्मिनल बंद पडलं. कंटेनरचं काम हातानं करायची वेळ आली. आपल्या पट्ट्यातला माल बाहेर जातो तो बऱ्याच अंशी त्याच बंदरातून. कुठं युक्रेनमधला हिशोबनीस, कुठं उरणच्या रस्त्यावर अडकलेला ट्रक! आपल्याकडे चोरायला काही असो नसो, फटका बसायचा तो बसतोच.

पुढचं वर्ष २०१८, आणि बँक आपल्या ओळखीची. १९०६ पासूनची कॉसमॉस. ११ ऑगस्टला, शनिवारी, २८ देशांतल्या एटीएममधून क्लोन केलेल्या कार्डांनी काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातून आणखी अडीच कोटी. १३ तारखेला स्विफ्टमार्फत १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर.

हे जमलं कसं? एटीएममध्ये कार्ड घातलं की मधला स्विच बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारतो, "खात्यात पैसे आहेत का?" चोरांनी मध्ये स्वतःचा खोटा स्विच बसवला. तो मुख्य यंत्रणेला विचारतच नव्हता, परस्पर "हो, द्या" म्हणत होता. म्हणजे दारावरचा वॉचमनच बदलला होता.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०१९ च्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला. पण २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं दोषी ठरवले ते ११ जण कोण होते? एटीएमसमोर उभं राहून पैसे काढणाऱ्या साखळीतले आपल्याच देशातले लोक. सूत्रधार दूर राहतो, सीसीटीव्हीत चेहरा येतो तो हमालाचा. आज "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, दहा हजार देतो" असं कुणी म्हणालं, तर पोरांनो, हे अकरा जण आठवा.

योगायोग बघा. त्या दरोड्यानंतर चारच दिवसांनी, १५ ऑगस्ट २०१८ ला, पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं. चाकण, आळंदी, तळेगाव, हिंजवडी सगळं त्यात आलं.

आणि शेवटी वेळ आपल्या दारावर आली. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस आपल्या स्मार्ट सिटीच्या निगडीतल्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. २७ सर्व्हरमधला डेटा कुलूपबंद झाला आणि किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. तक्रारीत नुकसानीचा आकडा पाच कोटींचा होता. आपल्याला हे कळलं मार्चमध्ये, निगडी पोलिसांत गुन्हा दाखल झाल्यावर. ज्यांच्या करातून हे सर्व्हर आले त्यांना बातमी मिळाली ती पेपरातून!

मला खरी खटकते ती ही गोष्ट. हल्ला कुणावरही होऊ शकतो, मोठमोठ्या बँका सुटल्या नाहीत. पण आपल्या चौकातले कॅमेरे, मालमत्ता कर, जन्मदाखले सगळं एकेक करून सर्व्हरवर गेलंय. २०२२ पासून हल्ला झाल्यावर सहा तासांत केंद्राच्या सर्ट-इनला कळवणं बंधनकारक आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात ज्याची माहिती फुटली त्यालाही कळवायची तरतूद आहे. म्हणून आपल्या नगरसेवकांना दोनच प्रश्न विचारा. पालिकेचा बॅकअप वेगळ्या ठिकाणी आहे का, आणि तो परत चालू करून शेवटचा कधी पाहिला? उद्या पुन्हा काही झालं तर आम्हाला किती दिवसांत सांगणार?

आणि हेच दोन प्रश्न स्वतःच्या शेडलाही विचारा. पार्टीच्या मेलवरून "आमचा बँक खाते नंबर बदललाय" असं आलं, तर पैसे सोडण्याआधी जुन्या नंबरवर फोन लावा. मेल आयडीत एकच अक्षर इकडचं तिकडे असतं. 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार कायद्यात नाही, फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

"आपल्याकडे काय आहे चोरायला?" १९९० मध्ये फ्लॉपी होती. आता पगार आहे, धंदा आहे, अख्खं शहर आहे. जोशींनी निदान वाढदिवसाच्या शुभेच्छांवर भागवलं होतं.

तुमच्या कंपनीत किंवा घरी असं काही घडलं असेल तर खाली जरूर लिहा. नावं नकोत, काय झालं तेवढं सांगा. दुसरा कुणी वाचेल.