शेरवा, येसर आणि कुर्कुम

हिंगोलीकडे कोंबडी शिजली की भाकरी चुरायला शेरवा लागतो. रस्सा म्हटले तरी भागते; पण रस्सा संस्कृत ‘रसा’च्या घरचा, शेरवा लांबून आलेला. फारसीत ‘शोर’ म्हणजे खारट, ‘बा’ म्हणजे कालवण, मिळून ‘शोरबा’. बकाराचा वकार होणे रीतीला धरूनच आहे, ओकाराचा एकार मात्र दक्खिनी बोलीतला असावा. निजामी अंमल इथे 1948 पर्यंत होता, पण शब्द त्याच्या कितीतरी आधी मुदपाकखान्यातून बाहेर पडला असणार. (हा मुदपाकही मुळात अरबी ‘मतबख’, त्यात आपल्या लोकांना ‘पाक’ ऐकू आलेला दिसतो.) शोरमधला खारटपणा ‘सोरा’ या शब्दातही आहे. ‘सुरोखार’ म्हणताना तर आपण फारसी खारावर संस्कृत क्षार चढवतो!

हाच शोरबा तुर्कस्तानात ‘चोर्बा’ झाला आणि अल्जीरिया-ट्युनिशियापर्यंत पोचला. अरबांनी त्याला ‘शरिब’, म्हणजे पिणे, या आपल्या धातूशी जुळवून घेतले असावे. तसे झाले असेल तर शेरवा हा सरबताचा मानलेला भाऊ.

शेरव्याला दाटपणा देणारे येसर मात्र अस्सल इथले. भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाला एकत्र दळलेले हे पीठ आधी पाण्यात कालवून मगच उकळीत सोडतात, नाहीतर गुठळ्या होतात. अमरकोशात ‘वेसवार’ म्हणजे उपस्कर, आपला मसाला. वैद्यकग्रंथांत मसाला घालून कुटलेल्या मांसालाही वेसवार म्हटले आहे. मराठवाडी जिभेवर वेळेची येळ होते, वेड्याचा येडा, वेशीची येस. मग वेसवार, वेसर, येसर ही वाट फारशी अवघड दिसत नाही. मला तरी ही व्युत्पत्ती पटते.

राहिली हळद. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शब्द हरिद्रा, प्राकृत हलिद्दा, हळद असा सरळ चालत आलेला. गंमत पुढे आहे. मोरोक्कोत कोंबडीच्या ताजीनमध्ये पडणाऱ्या हळदीला ‘खर्कूम’ म्हणतात. अरबी ‘कुर्कुम’चेच हे रूप, आणि वनस्पतिशास्त्रातले ‘कर्क्युमा’ही त्याच्यावरूनच. हे कुर्कुम आधी केशराचे नाव होते, मग हळदीला चिकटले. आपल्याकडेही संस्कृत ‘कुंकुम’ म्हणजे केशर, आणि घरचे कुंकू मात्र हळदीचे! कुर्कुम आणि कुंकुम यांचे नाते असावे, असे अभ्यासकांना वाटत आले आहे. पण महाग केशराचे नाव स्वस्त हळदीला देण्याची युक्ती दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचली असेल, तर ते मला अधिक आवडेल.

येसराच्या साखळीत मधली कडी अजून कच्ची आहे. मराठवाड्यात कुणा म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ‘वेसर’ असा वकारी उच्चार ऐकला असेल, तर गावाच्या नावासह जरूर कळवावे.