पदकाच्या कडेवरचे नाव

बेळगावात आणि आसपासच्या खेड्यांत ज्या घराच्या ट्रंकेत एकही फौजी पदक नाही, असे घर शोधावे लागेल. दसऱ्याला ते बाहेर निघते, शस्त्रांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागते आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून आत जाते. पदकावरचे चित्र सगळे पाहतात. कड मात्र फारसे कोणी वाचत नाही. पहिल्या महायुद्धाच्या 'ब्रिटिश वॉर मेडल'च्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या पदकांवरही नंबर आणि नाव कडेलाच असते. ती कड, घरातले डिस्चार्ज बुक आणि हल्लीचे आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून वाचा. बऱ्याच घरांत एकाच आजोबांची तीन माणसे झालेली दिसतील.

आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत. नावातील दुरुस्ती, दाखले, उतारे यांतच आमचा दिवस जातो, म्हणून गल्लीतली पेन्शनर मंडळी अर्ज लिहून घ्यायला आमच्याकडे येतात. त्या अर्जांच्या निमित्ताने जे कागद हाताखालून गेले आणि त्यांचा अर्थ लावताना जे वाचले, ते येथे मांडत आहोत.

बेळगावला मराठा पलटणींचे केंद्र आले ते १९२२ साली. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याची फेररचना झाली, तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या जुन्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली आणि ११४ नंबरची पलटण ट्रेनिंगसाठी बेळगावात बसली. तेव्हापासून जवान आणि जेसीओ यांचे कागद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. अधिकाऱ्यांचे कागद दिल्लीला. पण बेळगावचा माणूस म्हणजे त्याचे रेकॉर्ड बेळगावातच, हा समज चुकीचा आहे. सॅपर झाला असेल तर खडकी, तोफखान्यात गेला असेल तर नाशिक रोड, सिग्नलमध्ये असेल तर जबलपूर. महार रेजिमेंटची पहिली पलटण ऑक्टोबर १९४१ मध्ये इथे बेळगावातच उभी राहिली, पण त्या रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे. कोल्हापूर, बडोदा आणि हैदराबाद संस्थानांच्या फौजा स्वातंत्र्यानंतर मराठा रेजिमेंटमध्ये १९, २० आणि २२ नंबरच्या पलटणी म्हणून सामील झाल्या. ज्यांचे आजोबा संस्थानी फौजेत होते त्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण अशा माणसाची अर्धी नोकरी एका नावाच्या पलटणीत आणि अर्धी दुसऱ्या नावाच्या पलटणीत लिहिलेली असते. चुकीच्या दारात अर्ज टाकून दोन-दोन वर्षे वाट पाहत बसलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

नावे चुकली कशी? भरतीला उभा राहिलेला पोरगा आपले नाव मराठीत सांगणार, कारकून ते कानाने ऐकून इंग्रजीत उतरवणार. परशरामचा परसराम झाला, कल्लाप्पाचा कलापा. आडनाव सांगायची पद्धत आपल्या खेड्यांत तेव्हा फारशी नव्हतीच. नाव आणि बापाचे नाव, झाले. पुढे कोणी गावावरून 'कर' लावले, कोणी पाटीलकी होती म्हणून पाटील लावले. फौजेने मात्र पहिल्या दिवशी जे लिहिले तेच धरून ठेवले. आता त्यात कानडी लिपीची भर पडली. शाळेचा दाखला मराठीत, रेशन कार्ड कानडीत, डिस्चार्ज बुक इंग्रजीत, आणि आधारवरचे इंग्रजी स्पेलिंग कानडी उच्चारावरून बेतलेले. यात कोणाचा दुष्टावा नाही, पण बँकेच्या खिडकीवरच्या माणसाला अक्षर जुळावे लागते.

साध्या शिपायाचे सोडा, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्यांच्या नावातही हा घोळ आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनचे ठाणे घेऊन तिथेच पडलेले नाईक यशवंत घाडगे काही ठिकाणी घाटगे म्हणून छापलेले सापडतात. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या पाण्यातून, सुरुंगांमधून दोन जखमी सोबत्यांना वाहून आणणारे शिपाई नामदेव जाधव यांचे आडनाव इंग्रजी नोंदींत दोन-तीन प्रकारे दिसते. त्यांचे कर्तृत्व जगाला ठाऊक आहे म्हणून स्पेलिंगने काही अडत नाही. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याचे सगळे त्या स्पेलिंगवरच उभे असते.

याहून जुनी आणि मोठी चूक मेसोपोटेमियातली. डिसेंबर १९१५ मध्ये सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी कूत अल अमारा येथे वेढले. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि कैद्यांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेले. वाटेत कोण कुठे पडला हे लिहून ठेवायला बरोबर कारकून नव्हता. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा मेसोपोटेमियातील चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी इंग्रजांनी बसऱ्याला स्मारक बांधले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपाई आणि नाईक-हवालदारांसाठी मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या आली: इतर इतके. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे नीट कोरली आहेत. म्हणजे नावे मिळत नव्हती असे म्हणावे तर तेही पटत नाही. युरोपातल्या लोकांच्या नजरेसमोर एक न्याय आणि इराकच्या वाळूत दुसरा, असेच आम्हाला वाटते. एप्रिल २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. आफ्रिकी, आशियाई आणि हिंदी सैनिकांच्या स्मरणात भेदभाव झाला, हे त्यात कबूल केले आणि माफी मागितली. ते बसऱ्याचे स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ साली सद्दामच्या हुकमाने ते ३२ किलोमीटर दूर, नासिरियाच्या रस्त्यावर हलवले गेले.

आपल्याकडच्या खेड्यांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेल्या संगमरवरी पाट्या वाचकांनी पाहिल्या असतील. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके जण गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, एवढेच त्यावर असते. तिथेही नाव नाही, आकडाच आहे. मात्र कमिशनच्या नोंदवहीत हिंदी सैनिकांची नावे आहेत, बहुतेकांचे वडील आणि गावही आहे, आणि आता ती घरबसल्या शोधता येते. आपल्या गावच्या पाटीवरचे तीन किंवा पाच कोण होते, हे शोधणे अशक्य नाही. स्पेलिंग चार प्रकारे टाकून पाहण्याचा धीर मात्र पाहिजे.

इंग्लंडमध्ये १९४० च्या बॉम्बहल्ल्यात पहिल्या महायुद्धातील सैनिकांचे निम्म्याहून अधिक कागद जळाले. अमेरिकेत १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या आगीत १ कोटी ६० लाखांहून जास्त फायली गेल्या. आपली गाठ बहुतेक वेळा आगीशी नसून लेखणीशी असते. त्यामुळे आपल्याकडे दुरुस्तीला जागा उरते.

राहून गेलेल्या पदकांचे प्रकरण वेगळे आहे. १९७१ चे उदाहरण घ्या. पूर्व आघाडीवर लढलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार, आणि त्याखेरीज संग्राम मेडल. पहिली मराठा, म्हणजे आपली जंगी पलटण, तेव्हा ब्रह्मपुत्रेपलीकडे जमालपूरच्या पाठीमागे रस्ता अडवून बसली होती. १० डिसेंबरच्या रात्री जमालपूरची पाकिस्तानी फौज निसटायला निघाली ती थेट या अडथळ्यावर आदळली, आणि ११ तारखेला ठाणे पडले. त्याच दिवशी पुढे टांगाइलजवळ २ पॅरा विमानांतून उतरली. ही २ पॅरा म्हणजे पूर्वीची तिसरी मराठा, त्याआधीची कूतमधली ११० नंबरची पलटण. दोघींची पुंगली पुलापाशी गाठ पडली आणि तेथून वाट ढाक्याची. अशा धामधुमीत कोण केव्हा कुठे होता, याची यादी मागाहून पलटणीचे ऑफिस बनवते. जो यादीत आला त्याला पदक. जखमी होऊन हॉस्पिटलात गेलेला, तात्पुरता दुसऱ्या युनिटला जोडलेला किंवा लगेच बदली झालेला माणूस दोन्हीकडच्या याद्यांतून सुटू शकतो. शिवाय पदके टांकसाळीतून यायला वर्षे लागतात. तोवर छातीवर रिबन किंवा बाजारातून विकत घेतलेली नक्कल लावायची, हे फौजेत सर्रास चालते. खरे पदक येईपर्यंत माणूस पेन्शनीत गेलेला असतो.

आमच्या गल्लीतल्या एका माजी नाईकांचे असेच झाले. पूर्वेच्या आघाडीवर पायात छर्रे घुसले, हॉस्पिटलातून बाहेर पडले ते दुसऱ्याच युनिटमध्ये. डिस्चार्ज बुकात पदकांच्या रकान्यात संग्राम मेडल आहे, १९७२ चे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक आहे, पूर्वी स्टार नाही. ते म्हणायचे, "साहेब, पाय दाखवू का पुरावा म्हणून?" पन्नास वर्षे त्यांनी मागितले नाही, कारण त्यावर पैसा मिळत नाही आणि मागून घेतलेला मान कसला, असा त्यांचा हिशेब. मुलीने हट्ट धरला तेव्हा कुठे कागद निघाले. हॉस्पिटलची जुनी चिठ्ठी, कंपनीतल्या एका सुभेदारसाहेबांचे सहीचे पत्र आणि माहितीच्या अधिकारात मागवलेली नोंद, एवढ्यावर अर्ज उभा राहिला. पहिले उत्तर 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' असे आले. दुसऱ्या अर्जात आम्ही लाँग रोलचा उल्लेख केला. सर्व्हिसचे बरेचसे कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात, पण लाँग रोल म्हणजे मोठी नोंदवही राखून ठेवलेली असते, आणि त्यात बदल्या, जखमा, पदके थोडक्यात असतात. तिथे त्यांची जखम तारखेसह निघाली. पदक अजून हातात आलेले नाही, पण मंजुरीचे पत्र आले आहे. मराठीत वाचून दाखवा म्हणाले, म्हणून दोनदा वाचून दाखवले.

जखमेच्या नोंदीवर पैसाही अवलंबून असतो, हे पुष्कळांना माहीत नसते. जखम लढाईतली म्हणून लिहिली की अपघाती म्हणून, यावर अपंगत्वाची पेन्शन कोणत्या दराने मिळायची ते ठरते.

सर्वांत जास्त हाल होतात ते बायकांचे. आपल्यात लग्नात ताटातल्या तांदळांवर नवे नाव लिहायची रीत. माहेरची यल्लूबाई सासरी लक्ष्मीबाई झाली. नवऱ्याने कंपनीच्या क्लार्कला घरात हाक मारतात ते तिसरेच नाव सांगितले आणि ते पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून आले. माणूस हयात असेतो कोणाचे लक्ष जात नाही. तो गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी म्हातारी बँकेत जाते, तेव्हा तिला 'तुम्ही त्या नव्हेच' असे ऐकावे लागते. दोन्ही नावे एकाच स्त्रीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रांत जाहिरात, सैनिक कल्याण खात्यामार्फत रेकॉर्ड ऑफिस, तेथून प्रयागराजचे पेन्शन कार्यालय आणि शेवटी दुरुस्तीचा पीपीओ, एवढी वाट तिने एकटीने चालायची. तिच्या जन्मतारखेचेही तसेच. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ, पंच्याऐंशीला ३०, नव्वदला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला दुप्पट. पुष्कळ जुन्या नोंदींत बायकोची जन्मतारीखच नाही, मग ऐंशी कशी मोजणार? म्हणून आमचे सांगणे असे, की नवरा-बायको दोघे असतानाच हे करून घ्यावे. त्याच्या एका सहीने जे होते, त्याला मागाहून दहा कागद लागतात.

अर्जात भांडण नको. नंबर, हुद्दा, पलटण, भरतीची व डिस्चार्जची तारीख, चूक काय आणि पुरावा काय, हे एका पानात बसते. नंबर सर्वांत महत्त्वाचा. नाव चुकते, नंबर सहसा चुकत नाही. सर्व दारे बंद झाली तर २००७ च्या कायद्याने झालेले आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल आहे, पण बहुतेकांना तिथवर जावे लागत नाही. १९७१ चे साक्षीदार आता सत्तरीच्या पुढचे आहेत. सोबत्याच्या सहीचे पत्र आज मिळते, ते पुढच्या गणपतीला मिळेलच असे नाही.

उत्सवात नोकरीवरची पोरे रजेवर येतील, घरात चार माणसे असतील. ट्रंक उघडा. ज्यांना कागद वाचून हवेत त्यांनी संध्याकाळच्या आरतीनंतर मंडपात यावे, आम्ही आणि दोन माजी सुभेदारसाहेब बसलेले असू. मूळ डिस्चार्ज बुक गर्दीत आणू नये, झेरॉक्स आणावी. पदक मात्र मूळच आणावे, कड वाचायची आहे.