कावळ्याचं बोलणं

शाळेतून भांडून आलेल्या लेकराला आपण ठरलेल्या दोनच गोष्टी सांगतो. मुलगा असेल तर ‘मार खाऊन घरी यायचं नाही’ आणि मुलगी असेल तर ‘तू गप्प बस, कशाला वाढवतेस?’ भांडण कसं हाताळावं हे मुलांना शिकवण्यासाठी आपल्याकडे अख्खा ग्रंथ रचला गेला, आणि तो नीट करून ठेवण्यात एका जैन मुनींचा हात होता, हे मात्र पाठशाळेतसुद्धा कुणी सांगत नाही.

ग्रंथ म्हणजे पंचतंत्र. अमरशक्ती राजाचे तीन ढ राजपुत्र, आणि सहा महिन्यांत त्यांना नीती शिकवीन म्हणणारा विष्णुशर्मा, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पुढची हकिगत कमी जणींना माहीत असेल. नकला होता होता पोथ्यांतला मजकूर विस्कटून गेला होता. तेव्हा सोम नावाच्या मंत्र्याच्या सांगण्यावरून पूर्णभद्र या श्वेतांबर मुनींनी तो तपासून पुन्हा सिद्ध केला. साल विक्रम संवत 1255, म्हणजे इसवी सन 1199. हाच पाठ योहानेस हर्टेल या जर्मन पंडिताने 1908 मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेत छापला आणि आर्थर रायडरने 1925 मध्ये तो इंग्रजीत नेला. साता समुद्रांपलीकडच्या घरांत आपल्या मुनींचं पुस्तक गेलं. आपल्या घरात ते ‘लहान मुलांच्या गोष्टी’ म्हणून कपाटाच्या खालच्या फळीवर!

त्यातलं तिसरं तंत्र काकोलूकीय, कावळे आणि घुबडं यांच्या वैराचं. हे वैर जमिनीवरून झालं नाही की अन्नावरून झालं नाही. पक्ष्यांनी सभा भरवून घुबडाला राजा करायचं ठरवलं होतं. अभिषेकाची तयारी झाली, इतक्यात कावळा आला. त्याला मत विचारलं. तो घुबडाच्या तोंडावरच घसरला. राग नसताना हे इतकं भेसूर दिसतं, मग रागावल्यावर कसं दिसेल, अशी त्याची थट्टा. सभा मोडली. पक्षी उडून गेले आणि अभिषेकाला बसलेलं घुबड तिथेच राहिलं. त्या दिवसापासून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. नंतर कावळ्यालाही चुटपूट लागते, की विनाकारण बोलून आपण हे ओढवून घेतलं.

गंमत म्हणजे कावळ्याचा आक्षेप खोटा नव्हता. ज्याला दिवसा दिसत नाही तो राजा काय कामाचा, हेही तो बोललाच. तेवढंच बोलून थांबला असता तर? आमच्या सीमाभागात पोरांच्या भांडणात हे रोज दिसतं. खो-खोत कोण आउट, एवढाच वाद असतो. दोन मिनिटांत तो ‘तुमची भाषा’, ‘तुमचे लोक’ इथवर जातो. हे शब्द पोरांचे नसतात, ते आपल्या ओसरीवरून गेलेले असतात.

पुढे घुबडं रात्री येऊन कावळ्यांना मारू लागतात. कावळ्यांचा राजा मेघवर्ण मंत्र्यांना एकेक करून विचारतो, तेव्हा त्याच्यापुढे सहा वाटा येतात: संधी, विग्रह, यान, आसन, संश्रय आणि द्वैधीभाव. पोरांच्या भाषेत सांगायचं तर तह करणं, लढणं, तिथून निघून जाणं, आपली जागा धरून वेळेची वाट बघणं, बळकटाचा आधार घेणं, आणि आत एक बाहेर एक ठेवणं. ‘गप्प बस’ ही यातली एकही वाट नव्हे. आसन म्हणजे सोसणं नाही, तिथे तयारी चालू असते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने शिकवणीला जाणंच सोडलं. वाटेत एक मुलगा त्रास देतो हे घरात कळायला चार महिने लागले. तिला संश्रय कुणी शिकवलाच नव्हता. समजूतदार म्हणून सगळ्या तिचं कौतुक मात्र करत होत्या.

आता अवघड भाग. म्हातारा मंत्री स्थिरजीवी सहावी वाट धरतो. मार खाल्ल्याचं सोंग करून घुबडांना शरण जातो, त्यांच्या गुहेच्या दाराशी काटक्या साठवतो आणि शेवटी कावळ्यांकडून आग लावून सगळ्यांना जाळतो. पाठशाळेत हे सांगितलं की पोरं हमखास विचारतात, ‘म्हणजे स्थिरजीवी चांगला का?’ अहिंसेचं व्रत घेतलेल्या मुनींनीही हा भाग गाळला नाही, म्हणून मीही गाळत नाही. शरण आलेल्याला आसरा देणारी घुबडं जळाली, हे पोरांना टोचतं. टोचू दे. कपट शिकण्यासाठी नव्हे, ओळखण्यासाठी ते माहीत हवं.

मी थांबते ती रक्ताक्षापाशी. घुबडांच्या मंत्र्यांत त्याला एकट्याला हे सोंग कळलं होतं. त्याने भर सभेत स्पष्ट सांगितलं, पण राजाने ऐकलं नाही. मग तो कुणाशी भांडत बसला नाही. आग लागायच्या आधीच आपली माणसं घेऊन तो तिथून दूर निघून गेला.