शेवाळाच्या थेंबातलं इन्सुलिन

आज १९८० सालच्या एका प्रयोगाची गोष्ट. मधुमेही उंदराला दुसऱ्या उंदराच्या स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दिल्या, तर शरीर त्यांना परकं समजून मारतं. फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन यांनी त्या पेशी समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटमध्ये कालवून थेंबाथेंबाने कॅल्शियमच्या द्रावणात सोडल्या. थेंब पडला की आळतो, भिजल्या साबुदाण्यासारखा. वरून पॉलिलायसिनचं पातळ आवरण. त्यातून साखर आत जाते, इन्सुलिन बाहेर येतं. हल्लेखोर पेशी बाहेरच राहतात.

एका रोपणात उंदरांची साखर ताळ्यावर आली. पण टिकली किती? २ ते ३ आठवडे! आणि काचपात्रात वाढवलेल्या तशाच कॅप्सूल? १५ आठवड्यांहून जास्त ठणठणीत. मला तरी हाच आकडा जास्त बोलका वाटतो. शरीर कॅप्सूल फोडत बसत नाही हो, तिच्याभोवती व्रणासारखा पापुद्रा चढवतं. मग प्राणवायूच पोचत नाही, आतल्या पेशी गुदमरतात.

१९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बातमी आली: अशा कॅप्सूलमुळे एक रुग्ण इन्सुलिनच्या इंजेक्शनविना राहिला. मात्र त्याचं मूत्रपिंड आधीच बदललेलं होतं, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच होती. आणि कॅप्सूलचा सगळा खटाटोप होता तो तीच औषधं टाळण्यासाठी.