खलनायक (व्यावसायिक कुस्ती)

व्यावसायिक कुस्तीत नायकाविरुद्ध उतरणारा, नियम मोडून जिंकू पाहणारा आणि प्रेक्षकांचा रोष जाणूनबुजून ओढवून घेणारा मल्ल म्हणजे खलनायक. अमेरिकेतल्या या धंद्याच्या बोलीत त्याला ‘हील’ आणि नायकाला ‘बेबीफेस’ म्हणतात. या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. पडणे, आपटणे, दुखापती मात्र खऱ्या असतात. भारतात १९५० आणि १९६०च्या दशकांत हा प्रकार ‘फ्री-स्टाइल’ या नावाने गाजला. पुढे केबल टीव्हीवरून ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ या अमेरिकन कंपनीच्या नावाने घराघरांत आला आणि २००२ मध्ये कंपनीचे नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ झाले तरी मराठी घरांत जुनेच नाव चालू राहिले.

खलनायक एकट्याने मोठा होत नाही. आखाड्याच्या भाषेत सांगायचे तर त्याची जोड कोणाशी लागते, यावर त्याचे मोल ठरते. राक्षसी देह, भेसूर चेहरा, उर्मट बोलणे हे सारे असूनही समोरचा नायक लोकांच्या गळ्यातला ताईत नसेल, तर त्याला कोणी शिव्याही देत नाही. उलट एका मोठ्या नायकाशी वर्ष-दोन वर्षे वैर चालले, तर बेताचा मल्लही नावारूपाला येतो.

मातीतल्या कुस्तीत खलनायक नसतो, आणि हा फरक समजून घेतल्याशिवाय फ्री-स्टाइलची किमया कळत नाही. यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दारव्हा, उमरखेड, वणी या भागांतल्या गावांत आमदंगल भरते, तेव्हा मैदान म्हणजे नांगरून ढेकळे फोडलेला, भुसभुशीत केलेला जमिनीचा तुकडा. भोवती दाटीवाटीने बसलेली माणसे आणि कडेला वाजणारे डफडे. लंगोट घातलेला पोरगा रिंगणात एक फेरी मारून हात वर करतो. जाणती माणसे त्याचे खांदे, मांड्या नजरेने तोलतात आणि तेवढ्याच अंगाचा दुसरा पुढे काढतात. जोड जमली की चिमूटभर माती हाताला लागते, सलामी होते. पाठ जमिनीला टेकली की निकाल; मग हरलेला जिंकलेल्याच्या गळ्यात पडतो आणि दोघे आपापल्या गावच्या माणसांत जाऊन बसतात. परक्या गावचा मल्ल जिंकला तर गाव हळहळते, पण त्याला दुष्ट ठरवत नाही. पश्चिम महाराष्ट्रातही तसेच. दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याचा सतपाल १९७०च्या दशकात मराठी मल्लांना भारी पडत होता, आणि त्याला कोण पाडतो हे पाहायला मैदाने ओसंडून वाहत. बेळगावच्या मैदानात हरिश्चंद्र बिराजदारांनी त्याला हरवले त्याचे कौतुक अजून होते. तरी सतपाल खलनायक झाला नाही. तो मोठा प्रतिस्पर्धी राहिला, १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले तेव्हा महाराष्ट्रानेही टाळ्या वाजवल्या.

फ्री-स्टाइलला एवढ्यावर भागत नाही. तिथे निकाल ठरलेला असल्याने ‘कोण जिंकेल’ या प्रश्नाची जागा ‘याला शिक्षा कधी होईल’ हा प्रश्न घेतो, आणि तो पेटता ठेवण्याचे काम खलनायकाचे. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकातील पहिल्याच निबंधात ही कुस्ती खेळ म्हणून न पाहता नाटक म्हणून पाहिली. शिक्षेची वाट पाहायला लावणारा हलकट हाच त्यांना या नाटकाचा कणा वाटला.

भारतातले सर्वांत ठळक उदाहरण किंगकाँगचे. त्याचे खरे नाव एमिल झाया. १९०९ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या, आज रुमानियात असलेल्या ब्राशोव्ह शहरात त्याचा जन्म झाला. दाढी, अवाढव्य पोट आणि चारशे पौंडांच्या घरातले वजन घेऊन तो भारत, सिंगापूर, मलाया असा फिरत राहिला. अमेरिकन चित्रपटातल्या महाकाय वानराचे नाव त्याला इतके चिकटले की मूळ नाव कोणाला ठाऊकही राहिले नाही. तो नवखा नव्हता. आशियाभर त्याचे नाव होते. पण भारतीय माणसाच्या मनात तो कायमचा बसला तो दारासिंगमुळे.

दारासिंग (१९२८–२०१२) अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचकचा शेतकरी पोरगा. तो १९४०च्या दशकाच्या अखेरीस सिंगापूरला गेला आणि तिथल्या मनोरंजन-उद्यानांतल्या कुस्त्यांत तयार झाला. परतल्यावर १९५४ मध्ये तो ‘रुस्तम-ए-हिंद’ ठरला, १९५९ मध्ये कलकत्त्यात राष्ट्रकुल विजेता झाला. देखणा, सडपातळ कमरेचा, मितभाषी मल्ल. त्याच्यासमोर किंगकाँग उभा राहिला की कोणी काही समजावून सांगायची गरज उरत नसे: एक आपला, एक परका, एक पिळदार, एक पसरलेला, एक डाव खेळणारा, एक अंगाखाली चिरडणारा. स्वातंत्र्याला जेमतेम दहा वर्षे झालेल्या देशात गोऱ्या धिप्पाड माणसाला आपल्या मातीतल्या मल्लाने उचलावे, याचा अर्थ पोरासोरांनाही कळत होता. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये या कुस्त्यांना झुंबड उडे. ते मैदान गिरणगावातून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि गिरणगावात घाटावरून आलेल्या कामगारांच्या तालमी होत्या. ढाक, घिस्सा, कलाजंग या डावांची पारख असलेला हा प्रेक्षक. त्याला फ्री-स्टाइलमधली बनवाबनवी दिसत नव्हती असे समजणे त्याच्यावर अन्याय आहे. मातीत जे मिळत नव्हते, म्हणजे मनसोक्त राग आणि त्या रागाची फेड, ते तो इथे घ्यायला येत होता.

या वैराची एक प्रतिमा अजून टिकून आहे: दारासिंगने किंगकाँगला डोक्यावर आडवा उचलला आहे. पाहणाऱ्याची नजर दारासिंगच्या ताठ दंडांवर जाते. खालच्या माणसाची ताकद अफाट हे खरेच, पण असल्या वजनाचा देह डोक्यावर न्यायचा तर वरच्याने अंग फळीसारखे ताठ धरावे लागते, योग्य क्षणी भार सोडावा लागतो आणि आपटताना स्वतःची मान व समोरच्याचा खांदा दोन्ही सांभाळावे लागतात. व्यावसायिक कुस्तीत लढतीची लय बहुधा खलनायकच धरतो: कधी मार द्यायचा, कधी नायकाला उठू द्यायचे, प्रेक्षक थकले की पंचाच्या पाठीमागे कोणती लबाडी करायची. नायकाला देवत्व देणारा हा कसबी माणूस असतो आणि त्याचे कसब दिसू न देणे हाच त्याच्या कसबाचा भाग. किंगकाँगला मोठे केले ते या पडण्याने. १९६२ मध्ये दारासिंगला नायक करून बाबूभाई मिस्त्रींनी चित्रपट काढला, त्याचे नाव ‘किंगकाँग’ ठेवले. ज्याला हरवले त्याचेच नाव हरवणाऱ्याच्या चित्रपटाला मिळावे, याहून खलनायकाच्या कीर्तीचा दुसरा पुरावा नको. ग्रामीण महाराष्ट्राला दारासिंग भेटला तो बहुतेक असा पडद्यावरच, जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत.

हेच गणित जपानमध्ये आणखी उघडपणे दिसते. तिथे नायक होता रिकिदोझान. २२ नोव्हेंबर १९५५ रोजी टोकियोत त्याने किंगकाँगलाच हरवून अखिल आशियाई विजेतेपद मिळवले. १९६२ मध्ये अमेरिकन फ्रेडी ब्लासी त्याच्या कपाळाचा चावा घेऊ लागला, तेव्हा ते रक्त दूरचित्रवाणीवर पाहून वृद्ध प्रेक्षक दगावल्याच्या बातम्या छापून आल्या आणि ब्लासीचा दरारा वाढला. २४ मे १९६३ रोजी ‘डिस्ट्रॉयर’ या मुखवटाधारी मल्लाशी रिकिदोझानची झालेली लढत ६४ टक्के दर्शकमान नोंदवून गेली. तिघेही परदेशी, तिघेही वेगळ्या घाटाचे, नायक एकच.

दूरचित्रवाणीने वैराला मालिकेचे रूप दिले. त्याच्या पायऱ्या ठरून गेल्या आहेत. आधी नवख्या खलनायकाने प्रस्थापित नायकावर अचानक हल्ला करायचा. मग त्याला एक मोठा, ठसठशीत विजय द्यायचा. नंतर नायकाने परत यायचे, अटी कडक होत जायच्या आणि शेवटी निर्विवाद पराभव. खलनायक घडतो तो दुसऱ्या पायरीवर. तिथे नायकाला आपल्या नावाचा तुकडा तोडून द्यावा लागतो.

‘द ग्रेट खली’ याच वाटेने आला. हिमाचल प्रदेशातल्या सिरमौर जिल्ह्यातला दलीपसिंग राणा (जन्म १९७२) पंजाब पोलिसांत होता. ७ एप्रिल २००६ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘डब्ल्यूडब्ल्यूई’च्या भागात तो अंडरटेकरची लढत चालू असताना आत शिरला आणि त्याला झोपवून निघून गेला. बोलण्याचे काम दैवारी या साथीदाराकडे होते. खलीला फक्त उभे राहायचे होते. २१ मे २००६ रोजी फिनिक्स शहरात त्याने अंडरटेकरला हरवले. अंडरटेकर त्या वेळी या कंपनीचा सर्वांत दबदब्याचा मल्ल. दिवे विझणे, घंटेचा टोला, काळा झगा. भारतातल्या शाळकरी पोरांत तर त्याला सात जन्म आहेत अशी वदंता होती. अशा माणसाला पाडल्यावर पदार्पणाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यातच खली पहिल्या फळीत जाऊन बसला. ऑगस्टमध्ये अंडरटेकरने त्याची परतफेड केली, पण तोवर खलीचे नाव झाले होते. जुलै २००७ मध्ये तो जागतिक हेवीवेट विजेता झाला आणि सप्टेंबरमध्ये बॅटिस्टाकडून हरला.

या प्रकरणाची खरी गंमत प्रेक्षक बदलला की भूमिका उलटते यात आहे. फिनिक्समध्ये ज्याची हुर्यो होत होती, तोच यवतमाळ, वणी, पांढरकवड्याच्या केबलवर ‘आपला माणूस’ होता. उंची, वजन, छाती, दंड असे रकाने छापलेले ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’चे पत्ते खेळणाऱ्या पोरांना त्याचा खलपणा दिसलाच नाही. किंगकाँग-दारासिंगचा आरसा इथे फिरला होता: तिथला परका राक्षस तो इथला दारासिंग. खलनायकपण मल्लाच्या अंगात नसते, जोडीत आणि प्रेक्षकांच्या बाजूत असते, हे यावरून लख्ख कळते. वैराच्या पायऱ्या गाळल्या तर काय होते, तेही पुढे दिसले: २१ मे २०१७ रोजी, खलीच्या त्या विजयाच्याच तारखेला, कॅनडात जन्मलेल्या जिंदर महालने रँडी ऑर्टनला हरवून ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ विजेतेपद घेतले. त्याआधी तो सतत हरताना दिसला होता. वैराची पूर्वतयारी न करता दिलेली ही बढती प्रेक्षकांच्या गळी पूर्ण उतरली नाही, आणि नोव्हेंबरमध्ये ए. जे. स्टाइल्सने ते पद घेतल्यावर त्याचे स्थान घसरले.

महाराष्ट्राच्या भूमीवरचा प्रयोग म्हणजे ‘रिंग का किंग’. अमेरिकेतल्या टीएनए कंपनीचा हा कार्यक्रम पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात चित्रित झाला आणि २०१२च्या जानेवारी ते एप्रिलदरम्यान ‘कलर्स’ वाहिनीवर दिसला. स्कॉट स्टायनरसारख्या नावाजलेल्या परदेशी मल्लांची ‘आरडीएक्स’ ही खलटोळी त्यात होती. टोळी भारदस्त होती, पण तिच्यासमोर उभ्या केलेल्या देशी मल्लांना लोक अजून ओळखतही नव्हते. कार्यक्रमाचा दुसरा हंगाम निघाला नाही.

वैर संपल्यावर खलनायकाचे काय होते, हेही जोडीवरच ठरते. किंगकाँग उतारवयापर्यंत खेळत राहिला आणि १९७० मध्ये मोटार अपघातानंतर सिंगापूरमध्ये वारला. खलीला २००८ पासून हलक्याफुलक्या भूमिका मिळाल्या. ‘डिस्ट्रॉयर’ म्हणजे डिक बेयर मात्र १९७०च्या दशकात जपानमध्ये राहायला गेला, तिथल्या दूरचित्रवाणीवर विनोदी कार्यक्रमांत लाडका झाला आणि २०१७ मध्ये जपान सरकारने त्याला ‘ऑर्डर ऑफ द रायझिंग सन’ हा सन्मान दिला.