प्रकाशात जागे होणारे जंतुनाशक

प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू ही आजच्या वैद्यकशास्त्रापुढील सर्वांत मोठ्या समस्यांपैकी एक आहे. २०१९ या एका वर्षात अशा जिवाणूंच्या संसर्गामुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार जणांना थेट प्राण गमवावे लागले, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यामुळे नव्या औषधांबरोबरच जंतू मारण्याच्या वेगळ्या मार्गांचाही शोध सुरू आहे. विद्युतप्रभारित पॉलिमर हा त्यातलाच एक मार्ग. हे पॉलिमर जंतूला चिकटतात आणि प्रकाश पडला की त्याचा नाश करतात. विशेष म्हणजे, या पॉलिमरचा शोध जंतू मारण्यासाठी नव्हे, तर सूक्ष्म पदार्थ ओळखण्यासाठी घेतला जात होता.

तोरणातील एक दिवा

पॉलिमर म्हणजे एकाच प्रकारच्या लहान घटकांची लांबलचक साखळी. नेहमीच्या प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही. मात्र साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक असतील, तर इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले राहत नाहीत. अशा पॉलिमरमधून वीज वाहू शकते, हे ॲलन हीगर, ॲलन मॅकडर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांनी १९७७ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यातील अनेक पॉलिमर प्रकाश शोषून स्वतः चमकतात. शोषलेली ऊर्जा साखळीवर इकडून तिकडे फिरत असते. वाटेत चमक विझवणारा एखादा रेणू चिकटलेला असेल, तर ती तेथेच संपते. दिवाळीच्या तोरणातील एक दिवा गेला, की सारी माळ अंधारते, तसाच हा प्रकार. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे टिमथी स्वेगर यांनी १९९५ मध्ये या गुणाचा उपयोग अल्प प्रमाणातील पदार्थ ओळखण्यासाठी करता येतो, हे सिद्ध केले.

साखळीला विद्युतप्रभार असलेले गट जोडले, की ती पाण्यात विरघळते. त्यामुळे जैविक नमुन्यांची तपासणी शक्य झाली. १९९९ मध्ये डेव्हिड व्हिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋणप्रभारित पॉलिमरची चमक धनप्रभारित रेणूच्या अत्यल्प मात्रेने विझते, हे दाखवून दिले. सुट्या लहान रेणूच्या तुलनेत ही संवेदनक्षमता दहा लाख पटींहून अधिक होती. पुढे २००२ मध्ये हीगर आणि गिलर्मो बझान यांच्या गटाने अशाच पॉलिमरच्या साहाय्याने डीएनएचा ठरावीक क्रम ओळखण्याची पद्धत विकसित केली.

ओळखण्याकडून मारण्याकडे

बहुतेक जिवाणूंच्या पृष्ठभागावर ऋणप्रभार असतो. साहजिकच धनप्रभारित पॉलिमर त्यांच्याकडे ओढले जातात. २००५ मध्ये व्हिटन यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असा पॉलिमर जिवाणूंवर बसला आणि प्रकाश पडताच ते मरू लागले.

शोषलेल्या ऊर्जेचा काही भाग पॉलिमर भोवतालच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून 'सिंगलेट ऑक्सिजन' हे अतिशय क्रियाशील रूप तयार होते आणि ते जिवाणूचे पेशीपटल, प्रथिने व डीएनए यांना इजा करते. पाण्यात त्याचे आयुष्य जेमतेम काही मायक्रोसेकंद असते. तेवढ्या वेळात त्याला जिवाणूच्या लांबीच्या लहानशा अंशाइतकेच अंतर कापता येते. म्हणूनच पॉलिमर जंतूला चिकटलेला असणे महत्त्वाचे ठरते. प्रभार जंतूला पकडतो आणि प्रकाश त्याला मारतो.

प्रकाश आणि रंगद्रव्य मिळून सूक्ष्मजीव मरतात, हे मात्र नवे नाही. म्युनिकमधील ऑस्कर राब या विद्यार्थ्याला १९०० मध्येच ॲक्रिडिन रंगद्रव्यातील पॅरामेशियम उजेडात मरतात, असे आढळले होते.

विषाणूंवरही परिणाम

२०२० मध्ये न्यू मेक्सिको आणि टेक्सासमधील संशोधकांनी करोनाच्या विषाणूवर हे पॉलिमर वापरून पाहिले. अंधारात विषाणूवर फारसा परिणाम झाला नाही. योग्य तरंगलांबीचा प्रकाश पडताच मात्र तो काही मिनिटांत निष्प्रभ झाला.

प्रतिजैविक सहसा जिवाणूच्या एखाद्या ठरावीक प्रक्रियेवर घाला घालते. तेथे बदल झाला, की जिवाणू बचावतो. सिंगलेट ऑक्सिजन एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करत असल्याने त्याविरुद्ध प्रतिकार निर्माण होणे तुलनेने अवघड मानले जाते.

मर्यादा

या मार्गाच्या मर्यादाही प्रकाशाशीच निगडित आहेत. उजेड आणि ऑक्सिजन नसेल, तर मारण्याची मुख्य क्रिया होत नाही. गढूळ द्रवात किंवा शरीराच्या आत प्रकाश खोलवर पोहोचत नाही. दीर्घकाळ प्रकाशात राहून पॉलिमर स्वतःही क्षीण होतो. रक्तासारख्या नमुन्यात इतर प्रथिनेही त्याला चिकटतात, त्यामुळे तपासणीत चुकीचा इशारा मिळू शकतो. शिवाय सिंगलेट ऑक्सिजन मानवी पेशी आणि जंतू यांत भेद करत नाही, म्हणून मात्रा काटेकोरपणे ठरवावी लागते.

त्यामुळे प्रतिजैविकांची जागा हे पॉलिमर घेतील, अशी अपेक्षा बाळगणे योग्य नव्हे. रुग्णालयातील पृष्ठभाग, कापड, पुसण्याचे रुमाल अशा उजेडातील वस्तूंवर मात्र त्यांचा उपयोग होऊ शकतो. जंतू रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मेला, तर त्याच्यासाठी प्रतिजैविक वापरण्याची वेळच येणार नाही.