घंटेचा नाद आणि गाण्याची तबकडी

श्रोतेहो, १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, आणि तिकडच्या पोर्तुगीज घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच. घंटेवर टोल पडला की आधी दणका बसतो, मग नाद हळूहळू विरत जातो. या चढउतारातच नादाचा जीव असतो. ध्वनिमुद्रणाने हा जीव कसा टिपला आणि पुढे कसा गमावला, ते आज पाहू.

हिंदुस्थानात तबकड्यांसाठी गाणे मुद्रित करण्यास १९०२ साली कलकत्त्यात सुरुवात झाली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गवई कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गात, आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. १९२५ साली विजेवरचे मुद्रण निघाले आणि नाजूक स्वरही उमटू लागला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अखेरच्या वर्षांतील तबकड्या ऐका. खरखर आहेच, पण स्वर कुठे दबतो, कुठे उसळतो, हे लगेच कळते.

१९४८ साली लांब वाजणारी तबकडी आली, १९८२ साली सीडी. सीडीत खरखर उरली नाही. अगदी हळू आणि अगदी मोठा, दोन्ही आवाज तीत मावू लागले. मग बिघडले कोठे? बिघडले ते चढाओढीत! शेजारच्या गाण्यापेक्षा आपले गाणे मोठे वाजावे, म्हणून १९९० नंतर हळू आवाज वर ओढायचे आणि उंच टोके छाटायची, अशी रीतच पडली. वाडा चौसोपी बांधला, पण बिऱ्हाड माडीवरच्या एका खोलीत! सगळेच मोठे झाले, की मोठे काहीच उरत नाही. कान मात्र थकतो.

आता उपायही निघाला आहे. २०१० साली युरोपातील नभोवाणी संस्थांच्या संघाने सर्व कार्यक्रमांची पातळी सारखी ठेवण्याचा नियम आखला. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या कित्येक सेवाही आज तसेच करतात. त्यामुळे आरडाओरडा करून फायदा नाही. पण मूळ मुद्रणात छाटलेले टोक काही परत येत नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, शाळेत एक प्रयोग करा. घंटेचा एकच टोल द्या आणि नाद पुरता विरेपर्यंत मुलांना गप्प बसवा. मग जुने गाणे आणि नवे गाणे एकाच पातळीवर वाजवा. कोणत्या गाण्यात आवाज लहानमोठा होतो, ते मुलेच सांगतील. हळू आवाज ऐकण्याची सवय कानाला लागली, तर मागणी बदलेल. आणि मागणी बदलली, की मुद्रणही सुधारेल.